एकच नग पाहिजे!

फाइल चढवायची, धातू निवडायचा, रंग निवडायचा आणि संख्येच्या रकान्यात १ लिहायचं. पडद्यावर आकडा उमटतो आणि माणूस दचकतो. मग सहज गंमत म्हणून १ खोडून तो २ लिहितो. रक्कम दुप्पट व्हायला हवी, पण ती जेमतेम वाढते. ५ लिहिल्यावर तर एका नगाचा भाव झपाझप खाली येतो. काही बिघडलंय की काय असं वाटून तो पान पुन्हा उघडतो, तरी आकडे तेच. ब्रिटनमध्ये स्वतःच्या कीबोर्डसाठी धातूची केस, म्हणजे बाहेरची पेटी, करून घ्यायला निघालेल्या बहुतेकांना पहिला धडा इथेच मिळतो. पैसे धातूचे लागत नाहीत. पैसे लागतात ते कुणीतरी आपल्या एकुलत्या एका कामासाठी मशीन थांबवून, डोकं लावून, नव्यानं मांडामांड करण्याचे.

कीबोर्डला धातूची पेटी कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. कॉम्प्युटरबरोबर आलेला प्लॅस्टिकचा कीबोर्ड दहा वर्षं बिनतक्रार चालतो. पण दिवसाचे आठ-दहा तास टंकनात घालवणाऱ्यांचा एक वर्ग जगभर आहे, आणि त्यांना मेकॅनिकल कीबोर्ड लागतो. त्यात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८०च्या दशकापासून या क्षेत्राचं माप झाले. २०१४च्या सुमारास त्यांचं पेटंट संपलं, चिनी कारखान्यांनी त्याच बनावटीचे स्वस्त आणि कित्येकदा जास्त गुळगुळीत स्विच काढले आणि स्वतःचा कीबोर्ड जुळवण्याच्या छंदाला पंख फुटले. आज स्विच, कळांच्या टोप्या, सर्किट बोर्ड, स्विच धरून ठेवणारी पत्र्याची प्लेट हे सगळं सुटं विकत मिळतं. अडतं ते पेटीपाशी. बाकीचे भाग ठरलेल्या मापांचे असतात, पेटी मात्र ज्याच्या त्याच्या मनातली असते.

धातूचा पहिला फायदा वजन. प्लॅस्टिकची घनता पाण्याहून थोडीशीच जास्त, अ‍ॅल्युमिनियमची पाण्याच्या २.७ पट आणि पितळेची साधारण साडेआठ पट. किलो-दीड किलोचा कीबोर्ड टेबलावर सरकत नाही, दाबल्यावर लवत नाही. दुसरं कारण आवाज, आणि इथे थोडं सावध राहायला हवं. धातूची पेटी घेतली की आवाज आपोआप गोड होतो हा गैरसमज आहे. आतली पोकळी चुकली तर अ‍ॅल्युमिनियम टिणटिण वाजतं. म्हणून तर लोक आत फोम भरतात आणि प्लेट रबरासारख्या पट्ट्यांवर तरंगती ठेवतात. याला गॅस्केट माउंट म्हणतात. तिसरं कारण निव्वळ देखणेपणाचं, आणि ते मान्य करायला बरेच जण लाजतात.

ब्रिटनला दणकट कीबोर्ड नवे नाहीत. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पश्चिमेला क्लाइड नदीकाठी ग्रीनॉक नावाचं गाव आहे. तिथे आयबीएमचा मोठा कारखाना होता. १९८५ साली आलेला आयबीएमचा प्रसिद्ध 'मॉडेल एम' कीबोर्ड युरोपसाठी इथे बनायचा आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिला. आतमध्ये पोलादी पत्रा, प्रत्येक कळेखाली वाकून 'खट्' करणारी स्प्रिंग आणि वजन दोन किलोंच्या आसपास. आजही जुन्या बाजारात लोक तो उलटा करून मागचं लेबल वाचतात, ग्रीनॉकचा निघाला तर खूश होतात. पण या दणकट यंत्राची पेटी मात्र प्लॅस्टिकची होती. पोलादी साचा एकदा बनवला की वितळलेलं प्लॅस्टिक आत ढकलायचं आणि अर्ध्या-एक मिनिटाला एक पेटी बाहेर काढायची. साच्याला हजारो पौंड लागोत, लाखो नगांवर तो खर्च वाटला की एका पेटीवर काही पेन्सच पडतात.

त्याही आधी धातूच्या चौकटीत कळा बसवण्याचं काम लेस्टर शहरात चालत असे. १९०८ साली सुरू झालेली इम्पीरियल टाइपरायटर कंपनी तिथली. पुढे ती अमेरिकेच्या लिटन कंपनीकडे गेली. १९७४च्या मे महिन्यात तिथल्या आशियाई कामगारांनी संप पुकारला. त्यांत युगांडातून हाकलून लावलेली भारतीय वंशाची माणसं बरीच होती. बोनसचा हिशेब आणि वागणुकीतला भेदभाव ही त्यांची तक्रार होती. त्यांची स्वतःची युनियनही पाठीशी उभी राहिली नाही, तरी संप सुमारे तीन महिने चालला. पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, कारखानाच बंद झाला. ब्रिटनमधल्या भारतीयांच्या इतिहासात या संपाचं नाव ग्रनविकच्या संपाच्या जोडीनं घेतलं जातं. टाइपरायटरच्या इतिहासात मात्र त्याला सहसा जागा मिळत नाही. याच लेस्टरमध्ये ब्रिजपोर्ट नावाची मिलिंग मशीनंही बनायची, आणि ती आजही ब्रिटनभरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात उभी दिसतात. कुणाला एकच पेटी हाताने करून हवी असेल तर अशाच मशीनवर होते.

साच्याचा खर्च परवडत नाही आणि मागणी मूठभर, अशा पेचातून ब्रिटनमध्येच एक वेगळी वाट निघाली होती. १९७०च्या दशकात लिलियन मॉल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी 'माल्ट्रॉन' नावाचा वाटीसारखा खोलगट कीबोर्ड केला. मनगटं दुखणाऱ्यांसाठी तो वरदान ठरला, पण खप कायम थोडा. मग पेटी कशाची करायची? त्यांनी गरम केलेली प्लॅस्टिकची चादर साध्या ठोकळ्यावर ओढून, खालून हवा शोषून आकार देण्याची पद्धत घेतली. दिसायला ओबडधोबड, पण थोड्या नगांत परवडणारी. किती नग हवेत यावरून वस्तू कशाची आणि कशी बनणार ते ठरतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

धातूच्या बाबतीत थोड्या नगांची पद्धत म्हणजे कोरणं. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घ्यायचा आणि पेटी नसलेला भाग काढून टाकायचा. गेल्या काही वर्षांत संगणकावर चालणारी व्हीएमसी मशीनं चीनमध्ये इतकी झाली की तयार कोरीव पेट्याही आवाक्यात आल्या. २०२१ मध्ये कीक्रॉन कंपनीनं 'क्यू १' हा पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा कीबोर्ड दोनशे डॉलरच्या आत आणला. त्या वेळी या छंदातल्या अनेकांनी कपाळाला हात लावला, कारण तेवढ्याच वस्तूसाठी आदल्या वर्षी त्यांनी दुप्पट-तिप्पट मोजले होते. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला नॉरबाउर आहे. जपानी टॉप्रे कीबोर्डसाठी धातूची कवचं करत करत तो स्वतःच्या संपूर्ण कीबोर्डपर्यंत पोचला, आणि त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या पुढे ठेवली.

इतकं सगळं तयार मिळत असताना ब्रिटनमधला माणूस स्वतःची पेटी का करवून घेतो? एक कारण अगदी स्थानिक आहे. ब्रिटिश कीबोर्डची मांडणी अमेरिकनपेक्षा वेगळी. एंटरची कळ उभी आणि दुमडलेली, डावी शिफ्ट आखूड, तिच्या शेजारी एक जादा कळ आणि ३ च्या डोक्यावर पौंडाची खूण. बरेच देखणे कीबोर्ड अमेरिकन मांडणीतच निघतात. ब्रिटिश प्लेट आणि ब्रिटिश टोप्या 'पुढे बघू' या यादीत पडतात. दुसरं कारण जुन्या वस्तूंचं. कुणाच्या माळ्यावर ग्रीनॉकचा मॉडेल एम पडलेला असतो, आतलं यंत्र ठणठणीत, पण पेटीला तडा गेलेला. आणि तिसरं म्हणजे आपल्या हाताच्या ठेवणीप्रमाणे दुभंगलेला, डावखुऱ्याचा किंवा एका हातानं चालवायचा कीबोर्ड. हा दुकानात सहसा मिळत नाही.

ड्रॉइंगपाशी खरी परीक्षा सुरू होते. कीबोर्डची मापं तशी सोपी. दोन कळांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. स्विचसाठी प्लेटमध्ये १४ बाय १४ मिलिमीटरचं चौकोनी छिद्र. प्लेटची जाडी दीड मिलिमीटर, कारण स्विचच्या बाजूच्या खटक्या तेवढ्याच जाडीला पकडतात. साठ टक्के म्हणून ओळखला जाणारा छोटा कीबोर्ड घेतला तर सर्किट बोर्ड सुमारे २८५ बाय ९५ मिलिमीटर. एवढं हाताशी असलं की नवशिका उत्साहानं संगणकावर पेटी काढतो. आतली पोकळी बरोबर २८५ मिलिमीटर, चारही कोपरे काटकोनात, भिंती कडक सरळ. चित्र फारच सुंदर दिसतं.

आता हे चित्र मशीनवर नेऊ. कोरणारं हत्यार गोल फिरतं. सहा मिलिमीटर व्यासाच्या एंडमिलनं पोकळी कोरली की आतल्या कोपऱ्याला तीन मिलिमीटरची गोलाई राहणारच. कितीही महागडं मशीन आणा, गोल हत्यारानं आतला काटकोन निघत नाही. बारीक हत्यार घेतलं तर गोलाई कमी होते, पण वीस मिलिमीटर खोल पोकळीत ते थरथरतं, भिंतीवर लाटा उमटवतं, प्रसंगी मोडतं, आणि वेळ कित्येक पटीनं वाढतो. इकडे सर्किट बोर्डाचे कोपरे काटकोनी. म्हणजे बोर्ड कोपऱ्यात अडकणार. अनुभवी माणूस चित्रातच कोपऱ्यांना थोडी जादा खाच देतो किंवा पोकळी सगळीकडून अर्धा-पाऊण मिलिमीटर सैल ठेवतो. कागदावरची ही दोन मिनिटांची दुरुस्ती. ती राहिली तर हातात येतो सुंदर अ‍ॅल्युमिनियमचा पेपरवेट.

त्यात टॉलरन्सची भर. ड्रॉइंगवर काहीच लिहिलं नाही तर पुष्कळ वर्कशॉप आयएसओ २७६८ या मानकाची 'मध्यम' पातळी धरतात. तिच्यात १२० ते ४०० मिलिमीटरच्या मापाला अर्धा मिलिमीटर कमी-जास्त चालतं. म्हणजे २८५ची पोकळी २८४.५ आली तरी वर्कशॉपच्या लेखी जॉब पास. बोर्ड बसला नाही तर तक्रार कुणाकडे करणार? उलट घाबरून सगळ्याच मापांना शतांश मिलिमीटरची अट घातली तर दर दुप्पट होतो, कारण मग प्रत्येक माप तपासून नोंदवावं लागतं. जिथे दोन भाग एकमेकांत बसतात तिथेच कडक राहावं आणि बाहेरच्या लांबी-रुंदीबाबत मोकळं सोडावं, हे शहाणपण पहिल्या ऑर्डरनंतर येतं.

स्क्रूंची कथा वेगळीच. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली मँचेस्टरमधून आट्यांचं पहिलं राष्ट्रीय मानक सुचवलं. कोन ५५ अंशांचा, प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरलेले आटे. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेलच याची खात्री नव्हती. आता कीबोर्डात मेट्रिकच चालतं. प्लेट आणि बोर्डासाठी दोन मिलिमीटरचे, वरची-खालची पेटी जोडायला तीन मिलिमीटरचे स्क्रू. दोन मिलिमीटरच्या आट्यांसाठी आधी १.६ मिलिमीटरचं भोक पाडतात आणि मग त्यात टॅप फिरवतात. हा टॅप काडीसारखा बारीक. भोक खोल आणि बंद असलं, खाली चिप्स साचल्या की तो आतच तुटतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेला पोलादी तुकडा काढणं म्हणजे जिकिरीचं काम, आणि तेही बाकीची सगळी पेटी कोरून झाल्यावर. त्यामुळे जुना कारागीर ड्रॉइंग बघून पहिला प्रश्न विचारतो तो भोकांच्या खोलीचाच.

वर्कशॉपच्या आत हे सगळं दिसतं तरी कसं? भोसरी किंवा चिंचवडच्या एमआयडीसीत जॉबवर्कचे गाळे पाहिलेल्या वाचकाला फार काही नवं सांगायला नको. तोच तेल-पाण्याच्या कूलंटचा वास, तेच दोन-चार व्हीएमसी, भिंतीला टेकलेले लोखंडी रॅक. फरक इतकाच की बर्मिंगहॅम किंवा शेफील्डच्या गाळ्यात हिवाळ्यात कारागिराच्या अंगात दोन स्वेटर असतात.

साधारण ३१० बाय १२० बाय ३५ मिलिमीटरचा ठोकळा घेतला तर त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. तयार पेटी किलोभराची, फार तर सव्वा किलोची. उरलेल्या चकचकीत चिप्स भंगाराच्या पिंपात जातात. ठोकळा व्हाइसमध्ये पकडून आधी आतली पोकळी कोरतात. मग तो उलटा करायचा. इथे वेळ जातो. आता पकडायला सरळ ठोकळा उरलेला नाही, पातळ भिंतींची वाटी आहे. व्हाइस घट्ट आवळला तर भिंती आत लवतात आणि सोडल्यावर परत बाहेर येतात, माप बिघडतं. म्हणून त्या पेटीच्याच मापाचं फिक्स्चर, कधी खास कोरलेले मऊ जबडे करावे लागतात. यूएसबीच्या भोकासाठी पेटी पुन्हा उभी पकडायची, म्हणजे तिसरा सेटअप. प्रोग्रॅम लिहिणं, हत्यारं लावणं, फिक्स्चर करणं, शून्य बिंदू धरणं हे सारं पहिल्या नगासाठी जितकं तितकंच दहाव्यासाठी. आता सुरुवातीच्या त्या रकान्यातल्या आकड्यांचा उलगडा होतो.

शून्य बिंदू धरायचं हत्यारही मुळात ब्रिटिश. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलजवळ रोल्स-रॉइसमध्ये काँकॉर्ड विमानाच्या इंजिनाचं काम चालू होतं. इंधनाच्या बारीक नळ्या मोजायच्या, पण मोजमापाचा काटा टेकवला की नळी लवायची. डेव्हिड मॅकमर्ट्री या इंजिनिअरनं हलक्याशा स्पर्शानं संकेत देणारा टच प्रोब केला. १९७३ साली त्यानं जॉन डीअर यांच्यासोबत रेनिशॉ कंपनी काढली. ती आजही ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एज या छोट्या गावाच्या परिसरात आहे. माणिकाचा गोळा टोकाला असलेला तो प्रोब आता शेन्झेनपासून चाकणपर्यंतच्या मशीनवर सापडतो.

धातू निवडताना एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अमेरिकन आणि चिनी पेट्यांची वर्णनं ६०६१ आणि ६०६३ या मिश्रधातूंची असतात. ब्रिटनच्या गोदामांत मात्र ठोकळे सर्रास ६०८२चे मिळतात. ताकदीला उत्तम, कोरायला छान, सहज उपलब्ध. पण रंगाच्या बाबतीत खिडक्या-दारांसाठी वापरला जाणारा ६०६३ जास्त एकसारखा आणि स्वच्छ निघतो. 'कीबोर्डवर कुणी हातोडा मारणार नाही, मग ताकद कशाला?' असं छंदिष्ट म्हणतो. 'मागवलेला ठोकळा पंधरा दिवसांनी येईल आणि पूर्ण लांबीचा बार घ्यावा लागेल' असं वर्कशॉपवाला सांगतो. बहुतेक वेळा ६०८२ जिंकतो.

आणि मग अ‍ॅनोडायझिंग. सबंध प्रकरणातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा. ही प्रक्रियाही ब्रिटनचीच देणगी. १९२३ मध्ये बेंगो आणि स्टुअर्ट या दोघांनी क्रोमिक आम्लात अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवण्याची पद्धत काढली. ती समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी होती. चार वर्षांनी गोअर आणि ओब्रायन यांनी सल्फ्युरिक आम्लाची पद्धत पेटंट केली, आणि आज रंगीत पेट्यांना मुख्यतः तीच वापरतात. पेटी आम्लाच्या टाकीत बुडवून तिच्यातून वीज सोडतात. धातूच्याच पृष्ठभागापासून ऑक्साइडचा थर तयार होतो, त्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांत रंग मुरवायचा आणि गरम पाण्यात तोंडं बंद करायची. रंग वरून फासलेला नसल्यामुळे नखानं निघत नाही.

पण तो काहीच झाकतही नाही, ही त्याची दुसरी बाजू. हत्याराच्या रेषा, व्हाइसचा ओरखडा, बोटाच्या टोकाएवढा डाग, सगळं रंगाखालून जास्त उठून दिसतं. म्हणून आधी बारीक काचमण्यांचा मारा करून पृष्ठभाग एकसारखा धुरकट करतात. टाकीत पेटी कुठेतरी धरून ठेवावीच लागते, कारण वीज त्याच बिंदूतून जाते. त्या जागी रंग चढत नाही, पांढरा ठिपका राहतो. कुठे धरायचं ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल तर कामगार आपल्या सोयीनं धरतो, आणि ती सोय नेमकी पुढच्या कडेला असू शकते. 'आतल्या बाजूच्या अमुक भोकातूनच टांगावे' ही एक ओळ शंभर पौंडांची असते. रंगाची छटा टाकीतल्या वेळेवर, तापमानावर, रंगाच्या वयावर ठरते. पेटीचा वरचा भाग सोमवारी आणि खालचा गुरुवारी बुडवला तर दोन जांभळे शेजारी शेजारी वेगळे दिसतात. दोन्ही भाग एकाच घाण्यात गेले पाहिजेत, असं लिहून द्यावं लागतं. शिवाय ब्रिटनमधल्या अ‍ॅनोडायझरचा पोट भरणारा धंदा विमानाचे आणि मोटारींचे भाग हा. तिथे किमान बिल ठरलेलं असतं. एका पेटीला तेवढंच आणि टोपलीभर पेट्यांनाही तेवढंच.

ऑर्डर द्यायची कुणाकडे? श्रॉपशरमधल्या टेलफर्डला प्रोटोलॅब्सचा कारखाना आहे. फाइल चढवा, यंत्रच भाव सांगतं आणि काही दिवसांत भाग घरी. वेग मोठा, दरही मोठा. चीनच्या पीसीबीवे किंवा जेएलसीसारख्या कंपन्या तेच काम बरंच स्वस्तात करतात आणि अ‍ॅनोडायझिंगही त्याच छताखालून उरकतात. छंदिष्टांच्या बहुतांश ऑर्डरी तिकडेच जातात. मात्र हिशेब पूर्ण करावा. १ जानेवारी २०२१ पासून परदेशातून येणाऱ्या मालावरची पंधरा पौंडांची जुनी सवलत गेली. १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रेत्यानंच वीस टक्के व्हॅट घ्यायचा, त्यापुढे तो सीमेवर भरायचा. तो वाहतूक खर्च धरून आकारला जातो. पार्सल रॉयल मेलनं आलं तर हाताळणीचे पैसे वेगळे. अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीचं विमानभाडंही वजनाप्रमाणे बसतं. 'चीनचं स्वस्त' आणि 'इथलं महाग' यांतलं अंतर दिसतं त्याहून बरंच कमी असतं, खासकरून ड्रॉइंग चुकून माल परत पाठवायची वेळ आली तर.

तिसरा पर्याय म्हणजे गावातला जॉब शॉप. हे लोक एका नगाचं काम घ्यायला नाखूश असतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण नीट ड्रॉइंग, मुदतीची घाई नाही आणि 'रिकाम्या वेळात करा' ही तयारी घेऊन गेलेल्या माणसाला बरेचदा हो मिळतं. शिवाय तो कारागीर ड्रॉइंगवर बोट ठेवून 'ही भिंत दोन मिलिमीटरची तीन करा, हा कोपरा सोडा' असं सांगतो. भाव सांगणारं यंत्र एवढी आपुलकी दाखवत नाही. शेफील्डमध्ये पूर्वी अशा एकांड्या कारागिरांना 'लिटल मेस्टर' म्हणत. मोठ्या इमारतीत एकेक खोली भाड्यानं घ्यायची आणि कामाचा एकेक टप्पा करून शेजारच्या खोलीत पाठवायचा, अशी ती पद्धत. स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या-काट्यांचं उत्पादन जिथून सुरू झालं ती पोर्टलँड वर्क्स ही इमारत फ्लॅटवाल्यांच्या घशात जाऊ नये म्हणून लोकांनी शेअर घेऊन २०१३ मध्ये विकत घेतली. आजही तिथे चाकूवाले, धातूवाले, वाद्यं बनवणारे एकमेकांच्या शेजारी काम करतात.

एकट्यानं न परवडणारं काम दहा-वीस जणांनी मिळून करणं हा या छंदाचा नेहमीचा तोडगा. त्याला ग्रुप बाय म्हणतात. एक जण डिझाइन करतो, आधी कुणाकुणाला हवं ते विचारतो, मग पैसे गोळा करून एकत्र ऑर्डर देतो. ब्रिटनमध्ये प्रोटोटाइपिस्ट, मेकबोर्ड्स अशी दुकानं यात मध्यस्थ झाली. पैसे आज द्यायचे आणि पेटी वर्षानं, कधी दोन वर्षांनी. कीबोर्डसारख्या साध्या दिसणाऱ्या वस्तूला उशीर कसा होतो ते स्पेक्ट्रम नेक्स्टच्या गोष्टीत दिसलं. १९८२च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचा हा नवा अवतार. मूळ यंत्राला रूप देणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच याचंही बाह्यरूप केलं. २०१७ मध्ये लोकांनी सात लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली, यंत्र २०१८च्या जानेवारीत मिळायचं होतं. मिळालं २०२०च्या सुरुवातीला, आणि अडथळ्यांत कीबोर्डचा वाटा मोठा होता. डिकिन्सन २०१८ मध्येच गेले. इथे निदान यंत्र आलं. पैसे घेऊन दुकान बंद झाल्याचे प्रकार या छंदात दोन-तीन खंडांवर घडलेत.

म्हणून ब्रिटनमधले जाणते लोक पैसे देताना एक गोष्ट पाळतात. क्रेडिट कार्ड. १९७४च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या ७५व्या कलमानुसार शंभर पौंडांवरच्या आणि तीस हजारांपर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. मध्ये तिसरंच पेमेंट खातं आलं तर हा धागा तुटू शकतो, हेही लक्षात ठेवायचं. दुसरीकडे, ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करण्याचा २०१३च्या नियमांमधला हक्क ग्राहकाच्या मापानं बनवलेल्या वस्तूला लागू होत नाही. ड्रॉइंगप्रमाणे पेटी आली आणि ड्रॉइंगच चुकलं असेल तर ती तुमची. ड्रॉइंगपेक्षा वेगळी आली तर २०१५चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूनं.

पेटी घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात करायची कामं ठरलेली. टॉर्च तिरपी धरून कडा बघणं, काचेवर ठेवून डुगडुगते का ते पाहणं, प्रत्येक भोकात स्क्रू हातानं फिरवून बघणं. ब्लूटूथ बसवायचा विचार असेल तर तो इथे अडखळतो. बंद धातूच्या पेटीतून लहरी नीट बाहेर पडत नाहीत. म्हणून काही कंपन्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची पट्टी ठेवतात. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे अर्थिंगसाठी एका स्क्रूखालचा थर खरवडावा लागतो. ब्रिटनच्या जानेवारीत सकाळी या पेटीवर मनगट टेकवणं हा एक स्वतंत्र अनुभव असतो. लाकडी मनगटटेकू विकणाऱ्यांचा धंदा त्याच महिन्यात चालत असावा.

आणि खोक्यात सहसा पेट्या दोन निघतात. भाव बघताना संख्या २ केल्यावर जेमतेम फरक पडला होता, तेव्हा कोण एकीवर थांबणार? दुसरी कुणाला तरी अर्ध्या खर्चात विकायची असं ठरलेलं असतं. गिऱ्हाईक शोधताना मात्र प्रत्येकाची ठरलेली विचारणा येते: पेटी छान आहे, पण यूएसबीचं भोक डावीकडे का घेतलंत, मला मधोमध हवं होतं.